वाचकांचे प्रश्न : नवरोज मार्चमध्ये की ऑगस्टमध्ये, आणि सणाच्या ताटात लसूण कशाला?

मागच्या अंकात इराणी चहावर लिहिताना जाता जाता म्हटलं होतं की मार्चमध्ये आमच्या घरी नवरोज असतो, तर त्या एका ओळीवर जेवढी पत्रं आणि मेल आले तेवढे अख्ख्या चहावर आले नाहीत. बऱ्याच जणांनी विचारलंय ताई तुम्ही पारशी का. नाही हो, आम्ही पक्के पुणेरी, पण आमच्या वरच्या मजल्यावर बरीच वर्षं इराणी विद्यार्थी भाड्याने राहायचे, एक बॅच गेली की दुसरी, त्यांच्याकडून भाषा थोडी आणि सण पुष्कळ शिकले, आणि पुढे २०१८ साली ऐन नवरोजात शिराझला जाऊन आले. एवढीच माझी पदवी. आता प्रश्न घेऊ, जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

आमच्या शेजारी पारशी वस्ती आहे. त्यांचा नवरोज ऑगस्टमध्ये येतो, सुट्टीही असते, आम्ही दरवर्षी हॅपी पतेती म्हणतो. मग तुमचा मार्चमधला नवरोज कुठला? दोन दोन नवी वर्षं कशी काय? — एक वाचक, दादर

आधी ते हॅपी पतेती बंद करा. पतेती म्हणजे जुन्या वर्षाचा शेवटचा दिवस, पतेत म्हणजे पश्चात्ताप, वर्षभरात जे चुकलं ते कबूल करून प्रार्थना करायचा दिवस. त्या दिवशी हॅपी म्हणणं म्हणजे एकादशीला कुणाला "पोटभर खा हं" म्हणण्यासारखं आहे. पारशी माणसं सभ्य, ती हसून थँक्यू म्हणतात आणि आपण पुढच्या वर्षी परत तेच करतो. नवरोज दुसऱ्या दिवशी, तेव्हा नवरोज मुबारक किंवा साल मुबारक म्हणायचं.

आता दोन नवी वर्षं. मुळात सण एकच, वसंत सुरू होतो त्या दिवसाचा. भानगड पंचांगाची आहे. पारशांच्या जुन्या पंचांगात तीस दिवसांचे बारा महिने आणि शेवटी गाथांचे पाच दिवस, बेरीज ३६५. पण सूर्याला एक फेरी पुरी करायला ३६५ दिवस आणि वर सहा तासांना थोडे कमी एवढा वेळ लागतो, तो वरचा पाव दिवस या पंचांगात धरलेलाच नाही, त्यामुळे दर चार वर्षांनी नवं वर्ष एक दिवस अलीकडे सरकतं. चार वर्षांत एक दिवस म्हणजे काहीच नाही वाटतं ना, पण हे चाललंय इराणचा शेवटचा सासानी राजा यज्दगर्द गादीवर आला त्या ६३२ सालाच्याही आधीपासून! त्या साली नवरोज वसंत सोडून सरकत सरकत जूनमध्ये आलेला होता, आणि तेव्हापासून एक एक दिवस मागे सरकत तो जवळजवळ अख्खं वर्ष उलटा फिरून आता जुलै-ऑगस्टला आलाय. तुम्हाला आठवत असेल तर बघा, २०१६ मध्ये १७ ऑगस्टला होता, २०२० मध्ये १६ ला, २०२४ मध्ये १५ ला.

जुलै-ऑगस्ट असं का म्हटलं, तर भारतात आलेल्या पारशांनी मध्ये एकदा, साधारण बाराव्या शतकात, आपल्या अधिक मासासारखा एक जादा महिना घातला आणि मग तो प्रकार विसरूनच गेले. इराणात राहिलेल्यांनी तो घातलाच नव्हता. अठराव्या शतकात इराणातून एक दस्तुर म्हणजे धर्मगुरू सुरतेला आले तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की अरे, आपल्यात आणि यांच्यात एक महिन्याचा फरक आहे, आणि त्यावरून एवढा वाद पेटला की १७४५ साली सुरतेत सरळ दोन गट पडले, इराणी हिशोब मानणारे ते कदमी आणि जुनाच चालू ठेवणारे ते शहेनशाही. कदमींचं नवं वर्ष जुलैत येतं, शहेनशाहींचं ऑगस्टमध्ये, आपल्याकडची सुट्टी त्या शहेनशाहीची. मग १९०६ साली मुंबईत खरशेदजी कामा यांनी फसली गट उभा केला, म्हणणं सरळ होतं, ऋतू आणि सण एकत्र ठेवायचे, लीप दिवस धरायचा आणि वर्ष २१ मार्चलाच सुरू करायचं. म्हणजे दोन नव्हे, खरं तर तीन नवी वर्षं!

आणि गंमत अशी की कुठल्याही गटाचे असले तरी बहुतेक पारशी २१ मार्चला जमशेदी नवरोज करतातच, दाराला तोरण, उंबऱ्याबाहेर चोक म्हणजे आपली रांगोळीच पण पत्र्याच्या भोकं पाडलेल्या साच्याने काढलेली, सकाळी शेव आणि गोड दही, आणि दुपारनंतर फालुदा. जमशेदी का, तर शाहनाम्यात, म्हणजे इराणच्या राजांच्या जुन्या महाकाव्यात, गोष्ट आहे की जमशेद राजाचं रत्नजडित सिंहासन देवांनी (फारसीत देव म्हणजे राक्षस बरं का, आपल्या उलट) उचलून आकाशात नेलं, तो तिथे सूर्यासारखा तळपला आणि लोकांनी त्या दिवसाला नवा दिवस म्हटलं. नव म्हणजे नवा, रोज म्हणजे दिवस, शब्दाचं भाषांतर करायचीसुद्धा गरज नाही आपल्याला.

तुमच्या शेजाऱ्यांना दोन्ही वेळा शुभेच्छा द्या. दोन्ही वेळा काहीतरी खायला मिळेल.

माझ्या ऑफिसात बरेच इराणी आहेत. ते म्हणतात २०२४ मध्ये नवं वर्ष सकाळी लागलं, २०२५ मध्ये दुपारी. नवं वर्ष रात्री बाराला नको का लागायला? — मूळचा साताऱ्याचा, सध्या दुबई

रात्री बारा ही घड्याळाची सोय आहे हो, आकाशाला त्याचं काय. त्यांचं वर्ष बदलतं ते बरोब्बर वसंत संपाताच्या क्षणी, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो तो क्षण. त्याला ते साल-तहवील म्हणतात, तहवील हा शब्द आपल्यालाही ओळखीचा, तहसिलीत आणि तिजोरीत ऐकलेला, इथे अर्थ एवढाच की जुन्या वर्षाने चार्ज नव्या वर्षाकडे सोपवला. सेकंदासकट वेळ आधीच जाहीर असते. इराणच्या घड्याळाने २०२४ मध्ये २० मार्चला सकाळी सहा छत्तीसला, २०२५ मध्ये २० मार्चला दुपारी साडेबारा वाजून गेल्यावर, दरवर्षी साधारण पावणेसहा तास पुढे, तोच तो वरचा पाव दिवस जो पारशांच्या पंचांगात हरवला होता.

यात अजून एक बारीक नियम आहे जो मला फार आवडतो. संपात जर तेहरानला दुपारी बाराच्या आत झाला तर तोच दिवस फरवर्दीन महिन्याची पहिली तारीख, बारानंतर झाला तर दुसरा दिवस. त्यामुळे २०२५ मध्ये अर्ध्या तासाच्या फरकाने एक फरवर्दीन २१ मार्चला गेला. हे पंचांग इतकं काटेकोर आहे त्यामागे जुनी मेहनत आहे, अकराव्या शतकात सेल्जुक सुलतान मलिकशाहने ज्योतिर्विद बसवले आणि १०७९ साली जलाली पंचांग सुरू केलं, त्या मंडळींत उमर खय्याम होता, हो तोच, रुबायावाला. आजचं इराणी कॅलेंडर १९२५ सालचं, पण पाया तोच.

आणि तुम्ही साताऱ्याचे म्हणून सांगते, आपल्याकडे असं कॅलेंडर नाही असं समजू नका. १९५७ साली भारत सरकारने जी राष्ट्रीय सौर दिनदर्शिका स्वीकारली तिचा एक चैत्र २२ मार्चला येतो (लीप वर्षी २१ ला), संपाताला लागूनच, आणि वैशाखापासून भाद्रपदापर्यंत एकतीस दिवसांचे महिने, इराणी कॅलेंडरची जवळजवळ जुळी बहीण. फक्त ते सोफ्रा म्हणजे सणाचं ताट मांडून त्याची वाट बघतात आणि आपल्याला ते राजपत्राच्या कोपऱ्यातच दिसतं.

शिराझला त्या वर्षी तहवील रात्री पावणेआठला होती. हाफिज कवीच्या कबरीच्या बागेत अख्खं शहर लोटलं होतं, पोरंटोरं, म्हाताऱ्या, नवे कपडे, जमिनीवर चादरी टाकून लोक बसलेले, स्पीकरवर ती अरबी प्रार्थना, हे हृदयं आणि नजरा फिरवणाऱ्या, आमची अवस्था उत्तम अवस्थेत फिरव अशा अर्थाची, मग शेवटचे आकडे मोजणं, मग तोफेचा आवाज (रेकॉर्ड केलेला असतो, तरी दचकायला होतंच) आणि एकदम सगळे एकमेकांच्या गळ्यात. माझ्या शेजारी बसलेल्या अनोळखी बाईंनीही मला जवळ घेतलं. घरोघरी असंच, त्या क्षणी सगळे ताटाभोवती हवेत, कारण समजूत अशी की त्या क्षणी जसे असाल तसं वर्ष जातं. पहाटे चारची तहवील असली की आई पोरांना ओढून उठवते आणि पोरं अर्धवट झोपेत वर्ष सुरू करतात.

व्हॉट्सअपवर हफ्त-सीनचा फोटो आला होता, खाली लिहिलेलं सफरचंद म्हणजे सौंदर्य, लसूण म्हणजे आरोग्य, व्हिनेगर म्हणजे संयम वगैरे. हे खरंच असं आहे का? आणि पूर्वी 'श' च्या सात वस्तू असायच्या, दारू होती म्हणून बदललं, हे खरं का? — एक शिक्षिका, सांगली

बाई, तुमच्या प्रश्नासाठी खरं तर हा अख्खा अंक लिहिला असता.

हफ्त म्हणजे सात. आपला सप्त, 'स' चा 'ह' झालेला. आपण कर्जाचा हप्ता भरतो तो याच सातातून आलाय, हफ्ता म्हणजे आठवडा. आणि सीन म्हणजे फारसी लिपीतलं 'स' हे अक्षर. तर 'स' ने सुरू होणाऱ्या सात वस्तू: सब्जे म्हणजे ताटलीत उगवलेलं हिरवं गवतासारखं धान्य, समनू म्हणजे मोड आलेल्या गव्हाची तपकिरी खीर, संजेद म्हणजे बोरासारखं दिसणारं पिठूळ सुकं फळ, सीर म्हणजे लसूण, सीब म्हणजे सफरचंद, सोमाक म्हणजे आंबट लालभडक पूड जी ते कबाबावर भुरभुरतात, जिथे आपण आमसूल वापरू तिथे ती, आणि सेर्के म्हणजे शिरका. शिवाय सोंबोल म्हणजे हायसिंथचं सुवासिक फूल, आणि सिक्के, म्हणजे नाणी, हेही चालतात, कुणी आठ ठेवतं कुणी नऊ, पोलीस येत नाहीत मोजायला. आणि 'स' नसलेल्या पण असल्याच पाहिजेत अशा गोष्टी वेगळ्याच, आरसा, मेणबत्त्या, रंगवलेली अंडी, पाण्याचं भांडं, आणि एक पुस्तक, कुणाकडे कुराण, कुणाकडे हाफिज, कुणाकडे शाहनामा. पुस्तकावरून घर कसं आहे ते कळतं, पण हे तोंडावर बोलायचं नसतं.

आता अर्थ. माझं स्पष्ट मत सांगते, त्या यादीतले अर्थ नंतर शिवलेले आहेत, जसं आपण आता लहान मुलांना सांगतो की गुढीचा तांब्या म्हणजे अमुक आणि साखरेची गाठी म्हणजे तमुक. आमच्या वरच्या पोरांना मी एकदा विचारलं की लसूण कशाला रे, तर एक म्हणाला औषधी म्हणून, दुसरा म्हणाला वाईट नजर लागू नये म्हणून, तिसरा म्हणाला "आई ठेवते म्हणून". तिसरा मला सगळ्यात खरा वाटला.

जुन्या ग्रंथांत नवरोजची भरपूर वर्णनं आहेत, राजाला नजराणे, एकमेकांवर पाणी उडवणं, साखर वाटणं, अल्-बिरूनीने अकराव्या शतकाच्या सुमाराला सात जातींचं धान्य पेरून उगवायची चाल लिहून ठेवलीय, म्हणजे सात हा आकडा जुना आणि उगवलेलं धान्यही जुनं. पण 'स' च्या सात वस्तूंचं ताट असं आज दिसतं तसं काही जुन्या वर्णनांत नीट सापडत नाही, ते घराघरात पोचलं ते अलीकडे, मासिकं आणि रेडिओ यांच्या जोरावर.

आणि तो 'श' चा किस्सा, शराब, शकर, शीर म्हणजे दूध, शहद, शमा वगैरे, मग अरब आले, दारू बंद झाली म्हणून श चा स केला. ऐकायला झक्कास आहे. पण जरा थांबून बघा, शराब आणि शमा हे दोन्ही शब्दच मुळात अरबी! अरब यायच्या आधीचे इराणी लोक आपल्या सणाचं ताट अरबी शब्द जुळवून कशाला मांडतील? (प्रामाणिकपणे सांगायचं तर सोमाकसुद्धा तिकडूनच आलेला शब्द आहे, म्हणजे हा युक्तिवाद 'स' वाल्यांच्या प्राचीनपणालाही थोडा चावतो.) काही जण म्हणतात सीन हे अक्षर नाहीच, ते सीनी म्हणजे तबक, सात तबकं. काय माहीत, पण दारूवाली गोष्ट तुम्ही वर्गात सांगू नका, पोरांना तेवढीच लक्षात राहील.

मग ताटात खरं काय आहे म्हणाल, तर ते उगवलेलं हिरवं आणि ती खीर. बाकीचं सगळं दुकानातून येतं, या दोन गोष्टींना दिवस द्यावे लागतात.

शाळेत मुलांकडून ते सब्जे करून घ्यायचंय. कसं करू? आणि समनूमध्ये गूळ किती घालायचा? — त्याच शिक्षिका

गूळ शून्य! हीच तर गंमत आहे. गहू भिजवून मोड काढायचे, चांगले लांब येऊ द्यायचे पण हिरवे होऊ द्यायचे नाहीत, हिरवा झाला की कडू, मग वाटून पाण्यात कालवून गाळायचं आणि तो रस कणीक घालून मंद आचेवर तासन्‌तास घोटायचा. मोड येताना गव्हात जी पाचक द्रव्यं तयार होतात ती पिठातल्या स्टार्चची साखर करतात, त्यामुळे साखरेचा कणही न घालता खीर गोड होते. आपला कुरडयांचा गव्हाचा चीक आठवा, गहू तोच, घोटणं तेच, हात भरून येणं तेच, पण तो मोड न काढलेल्या गव्हाचा म्हणून गोड नसतो. नाचणी सत्त्व मोड काढलेल्या नाचणीचं का करतात तेही यातच आलं. विज्ञानाचा तास तुमचा फुकट नाही जाणार. अफगाणिस्तान, ताजिकिस्तानात ही खीर म्हणजे बायकांची रात्रभराची बैठक, मोठ्या कढईभोवती गाणी म्हणत आळीपाळीने ढवळायचं, पुरुषांना तिथे काम नाही.

सब्जेसाठी गहू किंवा अख्खे मसूर. इराणात थंडी असते म्हणून ते दहा-पंधरा दिवस आधी घालतात, आपल्याकडे सांगलीच्या मार्चात आठ दिवसांत गवत उभं राहतं, जास्त आधी घातलं तर सणाला पिवळं. एक रात्र भिजवा, ओल्या फडक्यात मोड येईपर्यंत बांधा, मग उथळ ताटलीत पसरून वर ओलं फडकं, दिवसातून दोनदा पाणी शिंपडा, पाणी साचू देऊ नका नाहीतर बुरशी येते आणि वास वर्गभर. घटाला आपण रुजवण घालतो ते ज्यांच्या घरी असतं त्या मुलांना काही शिकवावं लागणार नाही. आणि अजून एक, इराणात मातीच्या सुरईला बाहेरून बी चिकटवून अख्खी सुरई हिरवी करतात, त्यासाठी जे बी वापरतात ते म्हणजे आपले अळीव! भिजले की बुळबुळीत होऊन चिकटतात ना, म्हणूनच. बाळंतिणीचे लाडू करून उरले असतील तर मुलांना हे करायला द्या.

गोल्डफिश मात्र आणू नका. तो ताटातला लाल मासा तिकडे दरवर्षी ढिगाने विकला जातो आणि ढिगाने मरतो, आणि जे दयाळू लोक नंतर तो तळ्यात सोडतात ते तळ्यातल्या बाकीच्या माशांचं वाटोळं करतात. हल्ली बरीच इराणी घरं त्याऐवजी पाण्यात संत्रं तरंगत ठेवतात. छान दिसतं.

नवरोजच्या आधी इराणी लोक आगीवरून उड्या मारतात असं वाचलं. म्हणजे ती त्यांची होळीच ना? अग्निपूजक होते म्हणून का? — एक वाचक, चिपळूण

शिमग्याच्या गावातून हा प्रश्न येणारच होता. चहारशंबे-सूरी म्हणतात त्याला, वर्षातला शेवटचा बुधवार, पण करतात मंगळवारी संध्याकाळी, कारण जुन्या हिशोबात सूर्य मावळला की पुढचा वार लागतो. गल्लीत काटक्या-झुडपांचे छोटे छोटे ढीग ओळीने पेटवायचे आणि त्यावरून उडी मारताना म्हणायचं, "जर्दी-ये मन अज तो, सुर्खी-ये तो अज मन", माझा पिवळेपणा तुला, तुझी लाली मला. जर्द आणि सुर्ख, हळदीपासून कुंकवापर्यंत जायचं, आजारपण आगीत टाकायचं आणि तिची ऊब घेऊन वर्षात शिरायचं. इतक्या सोप्या शब्दांत इतकं नेमकं मागणं मी दुसरीकडे ऐकलं नाही.

पण अग्निपूजकवाली गोष्ट जरा जपून. झरथुष्ट्री, म्हणजे पारशांचा धर्म पाळणाऱ्या, माणसासाठी आग पवित्र, इतकी की अग्यारीत दस्तुर तोंडाला पांढरा पडदा बांधतो, श्वासही आगीला लागू नये म्हणून. तो माणूस आगीवरून उडी मारेल आणि वर आपला आजार तिला देईल? आणि शनिवार-बुधवार असे आठवड्याचे वार त्यांच्या जुन्या पंचांगात नव्हतेच, तिथे महिन्याच्या प्रत्येक दिवसाला वेगळं नाव. तेव्हा वर्षाअखेरीस आग पेटवणं जुनं असेल, त्याला बुधवार नंतर चिकटला. होळीशी नातं लावायला हरकत नाही, पण चुलत, सख्खं नव्हे.

त्याच रात्री पोरं तोंड झाकून वाडगा आणि चमचा वाजवत दारोदार जातात आणि घरचे त्यात सुका मेवा, गोळ्या टाकतात. हल्ली सुतळीबॉम्बसारखे घरगुती फटाके इतके उडवतात की दरवर्षी भाजलेल्यांच्या बातम्या येतात, म्हातारी माणसं दारं लावून बसतात. रस्त्यावर लाल कपडे, काळं तोंड आणि डफ घेऊन नाचणारा हाजी फिरूझ असतो, त्या काळ्या तोंडावरून इराण्यांतच आता वाद आहेत, काहींनी रंग लावणं सोडलंय. बरं केलं असं मला वाटतं.

नवरोजला जेवायला काय? गोव्यात मिळेल अशा मासळीवर भागेल का? — एक वाचक, मडगाव

भागेल काय, त्यांच्यापेक्षा तुमची मासळी चांगली, फक्त शिराझमध्ये हे बोलू नका. सब्जी-पोलो-बा-माही, म्हणजे हिरव्या पाल्याचा भात आणि तळलेला मासा. त्यांच्याकडे कॅस्पियन समुद्राचा पांढरा मासा, तुम्ही सुरमई किंवा पापलेट घ्या, हळद-मीठ लावून साधं तळा, तिरफळं-मिरची आज नको. भातासाठी शेपू भरपूर, कोथिंबीर, पार्सली मिळाली तर, आणि त्यांच्या तर्रे नावाच्या पातीऐवजी कांद्याची पात, सगळं बारीक चिरून. बासमती मिठाच्या पाण्यात अर्धा शिजवून निथळायचा, पातेल्यात तळाला तेल, मग भात, पाला, भात, पाला असे थर, झाकणाला फडकं गुंडाळून मंद आचेवर तासभर. तळाला जी सोनेरी खरवड धरते ती तहदीग, पाहुण्याला आधी ती द्यायची. आमच्याकडे शेपू म्हटलं की जेवायला न येणारी माणसं आहेत, ती या भाताला दोनदा येतात.

इराण तर मुस्लिम देश, तिथे हा इस्लामच्या आधीचा सण चालतो कसा? आणि फक्त इराणातच आहे का? — एक वाचक, नागपूर

चालतो असं नाही, थांबवता आलेला नाही. १९७९ च्या क्रांतीनंतर काही धर्मगुरूंना तो नकोसा होता, पण लोकांनी सोडला नाही, आणि सणानेही वाकून घेतलं, ताटात कुराण आलं, तहवीलला अरबी प्रार्थना आली. आपल्याकडे मोगल दरबारात नवरोज थाटात व्हायचा, औरंगजेबाने बंद केला, दरबारात बंद झाला एवढंच.

आणि फक्त इराण नव्हे. अफगाणिस्तानात हफ्त-सीन नाही, हफ्त-मेवा, सात प्रकारचा सुका मेवा रात्रभर पाण्यात भिजवून ते गोड पाणी मेव्यासकट वाटीत, एकदा करून बघाच, मनुका-बदाम-अक्रोड-पिस्ते-जर्दाळू आपल्याकडे सगळं मिळतं. तालिबानने मात्र तिथली सरकारी सुट्टी काढून टाकलीय. अझरबैजानात आधीचे चार मंगळवार, पाणी, आग, वारा, माती यांचे. कुर्दांचा नवरोज म्हणजे जुलमी राजाविरुद्ध उठलेल्या कावे लोहाराची गोष्ट आणि डोंगरावर मशाली, तिथे सण कमी आणि निशाण जास्त, तुर्कस्तानात कित्येक वर्षं बंदी होती त्यावर. बहाई लोक एकोणीस दिवसांचे उपवास नवरोजला सोडतात. युनेस्कोच्या वारसा यादीत २००९ साली नवरोज आला तेव्हा ज्या देशांनी मिळून नाव दिलं त्यात भारतही होता, हे आपल्याकडे कुणाला सांगितलं की खोटं वाटतं.

टीममध्ये एक इराणी मुलगी आहे, घरी जेवायला बोलावलंय नवरोजला. काय न्यायचं, काय बोलायचं? — एक वाचक, हिंजवडी

ईद-ए-शोमा मोबारक म्हणा, नवरोज मोबारकही चालेल. ती म्हणेल "सद साल बे इन सालहा", अशी शंभर वर्षं येवोत. फुलं न्या, हायसिंथ मिळणार नाही, निशिगंध न्या, वासाचं काम होतं. मिठाई न्या, पण ताटातल्या समनूत चमचा घालू नका, ती मांडलेली असते, खायची वेगळी असते (ही चूक मी केलीय).

सगळ्यात महत्त्वाचं तआरोफ, म्हणजे आग्रह आणि नकाराचा शिष्टाचार. ती म्हणेल घ्या, तुम्ही पहिल्यांदा नाही म्हणायचं, ती परत म्हणेल, तुम्ही परत नको नको, तिसऱ्यांदा घ्यायचं. पुणेकर असाल तर अवघड जाईल. घरात कुणी मोठं असेल आणि तुम्हाला कोरी करकरीत नोट दिली तर ती ईदी, पुस्तकाच्या पानांत दाबून ठेवलेली असते, नाही म्हणू नका, आणि खर्चही करू नका, लोक ती पाकिटात ठेवतात. नवरोजच्या दिवसांत आधी लहानांनी मोठ्यांकडे जायचं, मग मोठे परतभेटीला येतात, त्यामुळे ती तुमच्याकडे येईल हे धरून चाला आणि घर आवरून ठेवा. तिने तिचं आधीच आवरलेलं असणार, खाने-तेकानी म्हणतात, शब्दशः घर झटकणं, गालिचे-पडद्यांपासून कपाटाच्या मागपर्यंत, आपली दिवाळीची साफसफाई तिच्यापुढे वरवरची.

आणि ते उगवलेलं गवत नंतर काय करतात? टाकून देतात? — एक वाचक, सांगलीच्याच बाईंचा विद्यार्थी, इयत्ता सातवी

वा, हा प्रश्न मोठ्यांपैकी एकानेही विचारला नाही. तेरा दिवस ताट तसंच ठेवतात. तेराव्या दिवशी, म्हणजे १ किंवा २ एप्रिलला, घरात थांबायचंच नाही, सिझदे-बेदर, तेराला घराबाहेर. काही म्हणतात तेरा आकडा अशुभ म्हणून, सरकार म्हणतं निसर्ग दिन म्हणून, पण तू एकदा तिकडे जाऊन बघ, शहरं ओस आणि नदीकाठी, बागेत, अगदी हायवेच्या कडेच्या झाडाखालीसुद्धा चादर टाकून माणसं, कबाबाचा धूर, जाड शेवयांचं घट्ट सूप, आणि लेट्यूसची पानं सेकंजबीन नावाच्या पुदिन्याच्या आंबटगोड पाकात बुडवून खातात. त्या दिवशी थापा मारायचीही मुभा असते, आपल्या एप्रिल फूलसारखी. लग्नाच्या मुली त्या गवताच्या पात्यांना गाठी मारतात, पुढच्या वर्षी सासरी असू म्हणून, बाकीचेही एखादी इच्छा धरून मारतात. मग ते गवत वाहत्या पाण्यात सोडायचं. दुसऱ्याच्या सब्जेला हात लावायचा नाही, घरातली वर्षभराची पीडा त्यात गेलेली असते म्हणतात.

बरेच जण ते ताट गाडीच्या बॉनेटवर ठेवूनच निघतात, वळणावर कुठेतरी पडतं, मागे वळून बघत नाहीत. तुमच्याकडे कृष्णा आहे, पण नदीत प्लास्टिकची ताटली सोडू नकोस हं, फक्त गवत, आणि बाईंना सांग की त्यातलं थोडं आधी शाळेच्या मागच्या गाईला घालूया.